खऱ्या सेवेच्या जागी बदली सेवा : संगणक आज्ञावलीच्या चाचणीची एक पद्धत

निपाणी किंवा चिक्कोडी तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने जमीन खरेदी केली, म्हणजे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त नोंदविला जातो. तेथील ‘कावेरी’ या संगणकप्रणालीकडून त्या व्यवहाराची वर्दी महसूल खात्याच्या ‘भूमी’ या प्रणालीकडे जाते आणि फेरफाराची पुढील कारवाई सुरू होते. कर्नाटकातील हस्तलिखित उताऱ्यांची जागा ‘भूमी’ प्रकल्पाने घेतली व २००२ पर्यंत राज्यभरातील सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणण्यात आले. तेव्हापासून सामान्य माणसाच्या दृष्टीने दप्तर नाहीसे होऊन त्या जागी एक यंत्र आले. वस्तुतः ते एक यंत्र नव्हे. एका आज्ञावलीचे काम दुसरीवाचून अडते, दुसरीचे तिसरीवाचून, आणि या साखळीत कोठेही एक कडी निसटली तरी खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या” एवढेच उत्तर मिळते.

अशी परस्परांवर अवलंबून असलेली आज्ञावली लोकांच्या हाती देण्यापूर्वी तपासावयाची कशी, हा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे. त्यावर जगभरातील आज्ञावलीकारांनी जो उपाय रूढ केला आहे त्याला ‘मॉक’ असे म्हणतात. मॉक म्हणजे खऱ्या सेवेच्या जागी, केवळ चाचणीपुरती, उभी केलेली बदली सेवा. निवडणुकीच्या दिवशी प्रत्यक्ष मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मते देऊन यंत्र तपासले जाते व ती मते नंतर पुसली जातात. त्या ‘मॉक पोल’मुळे हा शब्द खेडोपाडी परिचित झालेला आहे. मात्र तेथे यंत्र खरे असते आणि मते लटकी. येथे विचार करावयाचा आहे तो याच्या उलट प्रकाराचा : ज्याची परीक्षा घ्यावयाची ती आज्ञावली खरी, तिच्या भोवतीचे जग मात्र बदली.

उदाहरणादाखल पीकनुकसानीचे साहाय्य वाटणारी एक आज्ञावली कल्पावी. अर्ज आला की ती भूमिअभिलेखाच्या सेवेला विचारते, “या गटात या खातेदाराचे क्षेत्र किती?” उत्तरावरून साहाय्याची रक्कम ठरविते. मग बँकेच्या सेवेला ती रक्कम खात्यात जमा करण्यास सांगते आणि शेवटी संदेशसेवेमार्फत शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप पाठविते. मुदत टळली किंवा नाही हे पाहण्यासाठी ती घड्याळाचाही आधार घेते. म्हणजे चार मदतनीस झाले.

आता ही आज्ञावली खऱ्या मदतनिसांसह तपासावयाची, तर प्रत्येक चाचणीच्या वेळी कोणाच्या तरी खात्यात खरे पैसे जमा होतील, कोणाच्या तरी मोबाइलवर खोटा निरोप जाईल. शिवाय चाचणी काही एकदाच घ्यावयाची नसते. आज्ञावलीत एक ओळ बदलली तरी मागील सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात. एका दिवसात शेकडो वेळा. त्या प्रत्येक वेळी बँकेची यंत्रणा जागी असेल, दूरध्वनीची तार शाबूत असेल आणि अभिलेखातील आकडा कालचाच असेल याची हमी कोण देणार?

मोनोब्लॉक आणि कपलिंगचा पंप

मदतनीस बदलता यावा यासाठी आज्ञावलीची घडणच तशी असावी लागते. हे मर्म विहिरीवरच्या पंपाच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. मोनोब्लॉक पंपात मोटर व पंप एकाच दांड्यावर, एकाच जोडणीत असतात. मोटर बाजूला काढून तेथे दुसरे काही लावता येत नाही. कपलिंगच्या पंपाचे तसे नाही. त्याच्या दांड्याला विजेची मोटर जोडा, डिझेल इंजिन जोडा, किंवा कारखान्यातील चाचणीच्या मेजावरची मोटर जोडा. आपल्याला कोण फिरवीत आहे याच्याशी पंपाला कर्तव्य नसते. दांडा ठरलेल्या दिशेने व वेगाने फिरला म्हणजे झाले.

आज्ञावलीचेही असेच दोन प्रकार संभवतात. साहाय्य वाटणारी आज्ञावली आपल्या पोटातच “अमुक पत्त्यावरच्या बँकेशी संबंध जोड” असे लिहून बसली, तर ती मोनोब्लॉक झाली. तिला बँकेपासून तोडता येत नाही आणि बँकेवाचून तपासताही येत नाही. याउलट, तिने केवळ “रक्कम जमा करू शकेल असा कोणीतरी मला द्या” एवढीच अपेक्षा व्यक्त केली आणि तो ‘कोणीतरी’ बाहेरून तिच्या हाती दिला गेला, तर कपलिंग तयार झाले. मदतनीस बाहेरून पुरविण्याच्या या पद्धतीस ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात. नाव भारदस्त आहे. मागणी साधीच आहे. मार्टिन फाउलर यांनी जानेवारी २००४ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे ते सर्वत्र रूढ झाले. प्रत्यक्ष कामकाजात याच जागी खरी बँक जोडली जाते, चाचणीत बदली बँक जोडली जाते, आणि मधल्या आज्ञावलीचे एक अक्षरही बदलावे लागत नाही. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. चाचणीसाठी आज्ञावलीतच फेरफार करावा लागत असेल, तर तपासली गेलेली आज्ञावली एक आणि लोकांना मिळालेली दुसरी, असे होईल.

उद्यमबागेतील गेज

बदली वस्तूवर माल तपासणे ही काही संगणकाच्या युगाची कल्पना नव्हे. बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीत ओतशाळा व यंत्रशाळा आहेत. अशा यंत्रशाळेत एखाद्या ओतीव भागाला भोक पाडण्याचे काम चालू असते. त्या भोकात बसावयाचा दांडा मात्र दुसऱ्याच गावच्या कारखान्यात तयार होत असतो. कारागीर दांड्याची वाट पाहत बसत नाही. त्याच्या हाताशी प्लग गेज असते. गेजचे ‘गो’ टोक भोकात सहज गेले पाहिजे आणि ‘नो-गो’ टोक जाता कामा नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की भोक बरोबर. गेज हा दांडा नव्हे. यंत्रात बसवून त्याचा काही उपयोग नाही. दांड्याविषयीचा करार तेवढा त्या पोलादाच्या तुकड्यात उतरलेला असतो. आज्ञावलीतील मॉक म्हणजे असेच गेज होय.

गेजमध्ये जसे प्रकार आहेत तसे या बदली सेवांतही आहेत. जेरार्ड मेस्झारोस यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सर्वांना मिळून ‘टेस्ट डबल’ ही संज्ञा दिली. चित्रपटात नायकाऐवजी घोड्यावरून उडी मारणारा जो बदली माणूस असतो, त्याच्यावरून हे नाव घेतले आहे. विचारले असता ठरलेले उत्तर देते ती बदली सेवा ‘स्टब’. अंतर्भागात खरोखर हिशेब ठेवणारी, पण लहान प्रमाणावरची, ती ‘फेक’. उदाहरणार्थ, केवळ संगणकाच्या स्मृतीत शंभर खाती सांभाळणारी खेळातली बँक. आणि आपल्याला कोणी, किती वेळा, काय सांगितले हे पाहून “ठरल्याप्रमाणे झाले नाही” असा निकाल देते ती काटेकोर अर्थाने ‘मॉक’. ही शेवटची कल्पना टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन व फिलिप क्रेग या तिघांनी २००० साली एका निबंधाद्वारे मांडली. व्यवहारात मात्र सर्वच प्रकारांना सरसकट मॉक म्हटले जाते व येथेही तसेच म्हटले आहे. आज मॉक तयार करण्याची साधने आयती मिळतात. जावा भाषेसाठी ‘मॉकिटो’ आहे; पायथन भाषेच्या मूळ संचात तर २०१२ पासून अशी सोय अंतर्भूत आहे.

बँक गप्प राहिली तर

मॉकचा उपयोग खर्च वाचविण्यापुरता आहे असे समजणे अपुरे होईल. खरी सेवा जे करून दाखवू शकत नाही ते मॉक करून दाखवू शकतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

साहाय्याच्या आज्ञावलीने बँकेला रक्कम जमा करण्यास सांगितले आणि त्याच क्षणी मधला संपर्क तुटला, अशी अवस्था घ्यावी. बँकेने नकार दिला असता तर प्रश्न नव्हता. होकार आला असता तरी नव्हता. परंतु काहीच उत्तर आले नाही. रक्कम जमा झाली असेल, नसेलही. आता आज्ञावलीने काय करावे? तिने पुन्हा सांगितले व पहिली रक्कम आधीच पोचलेली असली, तर शेतकऱ्याच्या खात्यात दुप्पट पैसे जातील आणि काही महिन्यांनी, ते पैसे खते-बियाण्यांत खर्च झाल्यावर, त्याच्या हाती वसुलीची नोटीस पडेल. तिने पुन्हा सांगितलेच नाही व पहिली रक्कम पोचलेली नसली, तर दप्तरी ‘अदा’ असा शेरा राहील आणि शेतकरी निपाणीहून बेळगावला खेटे घालीत राहील. दोन्ही परींनी नुकसान त्याचेच.

यावरील रूढ उपाय असा की प्रत्येक प्रदानाला एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, उत्तर न आल्यास तोच क्रमांक लावून पुन्हा विचारावे, आणि एका क्रमांकाची रक्कम बँकेने एकदाच जमा करावी. उपाय कागदावर लिहिणे सोपे आहे. आज्ञावलीकाराने तो खरोखर अमलात आणला आहे काय, हे पाहण्यासाठी बँकेला नेमके त्याच क्षणी गप्प राहण्यास सांगावे लागेल, आणि कोणतीही खरी बँक अशी विनंती मान्य करणार नाही. मॉक करतो. पहिल्या वेळी गप्प राहा, दुसऱ्या वेळी होकार दे, आणि दोन्ही वेळा आलेला क्रमांक लिहून ठेव, असे त्याला सांगता येते. चाचणीच्या अखेरीस दोन्ही क्रमांक सारखे निघाले तर आज्ञावली उत्तीर्ण. वेगळे निघाले तर ती बांधावरच्या माणसापर्यंत जाता कामा नये.

घड्याळाचेही तसेच. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या व्यक्तीला निवृत्तिवेतनासाठी आवश्यक असलेले वय कोणत्या दिवशी पूर्ण झाले असे आज्ञावली मानते, ३१ मार्चच्या मध्यरात्री आलेला अर्ज ती कोणत्या वर्षात धरते, हे पाहण्यासाठी त्या तारखांची वाट पाहण्याचे कारण नाही. घड्याळ हीसुद्धा बाहेरून दिलेली सेवा असेल, तर बदली घड्याळ हवी ती वेळ दाखविते.

तोतया केव्हा फसवितो

पानिपतच्या रणानंतर सदाशिवराव भाऊंच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाने पेशवाईत केवढा गोंधळ माजविला हे इतिहासप्रसिद्ध आहे. मॉक हा जाणूनबुजून उभा केलेला तोतया असल्याने त्याच्यापासून असा धोका नाही, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण एक गोष्ट विसरली जाते. हा तोतया बहुधा तोच आज्ञावलीकार तयार करतो, ज्याच्या आज्ञावलीची परीक्षा व्हावयाची असते. खरी सेवा कशी वागते याविषयी त्याची जी समजूत असेल, तीच मॉकमध्ये उतरते. समजूत चुकीची असेल तर आज्ञावली चुकीची, मॉकही त्याच दिशेने चुकीचा, आणि दोघांचे एकमेकांशी उत्तम जुळते. विद्यार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी व त्यानेच ती तपासावी, तसा हा प्रकार आहे.

सीमाभागात अशा चुकीला भरपूर वाव आहे. महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. कर्नाटकातील उताऱ्यावर ते एकर-गुंठ्यांत असते आणि ४० गुंठ्यांचा एक एकर होतो. कागल तालुक्यात एक तुकडा व निपाणीकडे दुसरा, अशी जमीन असलेल्या कुटुंबात हा फरक मुलांनाही ठाऊक असतो. पण दूरच्या शहरात बसलेल्या आज्ञावलीकाराने आपल्या मॉकमध्ये ‘१.२०’ असे क्षेत्र लिहिले, तर त्याचा अर्थ काय? कर्नाटकाच्या रीतीने तो १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. दशांश समजून वाचला तर १ एकर ८ गुंठे. महाराष्ट्राच्या रीतीने १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. मॉक ‘१.२०’ म्हणतो, आज्ञावली त्यावरून रक्कम काढते, अपेक्षित रक्कमही त्याच आज्ञावलीकाराने त्याच समजुतीने काढून ठेवलेली असते, आणि चाचणी उत्तीर्ण होते. चुकीचा पत्ता लागतो तो पहिल्या शेतकऱ्याला कमी पैसे मिळाल्यावर. ज्याला जास्त मिळाले तो सहसा तक्रार करीत नाही.

दुसरी अडचण काळाची आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक शासनाने बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ असे केले. निपाणी पूर्वी चिक्कोडी तालुक्यात होती. २०१८ मध्ये ती स्वतंत्र तालुका झाली. खऱ्या प्रणालीतील याद्या अशा वेळी बदलतात. मॉकमधील यादी मात्र, कोणी हात लावीपर्यंत, जुनीच राहते. मग चाचण्या एका जुन्या नकाशावर वर्षानुवर्षे उत्तीर्ण होत राहतात आणि निपाणी तालुक्याचा अर्ज खऱ्या प्रणालीसमोर गेला की “असा तालुका नाही” म्हणून परत येतो.

नावांचे तर विचारूच नये. एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, उताऱ्यावर कानडीत आणि बँकेच्या पुस्तकावर इंग्रजीत असते. मॉकमधल्या नमुना शेतकऱ्याचे नाव मात्र बहुधा तिन्ही ठिकाणी अक्षरशः एकच असते. असा शेतकरी या जिल्ह्यात शोधून सापडणार नाही.

या दोषाचे परिणाम किती दूरवर जाऊ शकतात याचे एक उदाहरण अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना शिकविले जाते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू तळावरून युरोपचे ‘आरियान ५’ हे नवे अग्निबाण-यान प्रथमच झेपावले आणि इंजिन पेटल्यापासून अवघ्या ३७ सेकंदांच्या सुमारास मार्ग सोडून नष्ट झाले. त्याच्याबरोबर ‘क्लस्टर’ मालिकेतील चार उपग्रहही गेले. दिशा व गती सांगणारे उपकरण जुन्या ‘आरियान ४’ वरून जसेच्या तसे उचलले होते. नव्या यानाचा आडवा वेग जुन्यापेक्षा बराच अधिक असल्याने एक आकडा त्याच्यासाठी ठेवलेल्या १६ अंकस्थानांच्या जागेत मावला नाही. उपकरणाने हात टेकले. राखीव उपकरणही तेच, आज्ञावलीही तीच. म्हणून त्यानेही टेकले. चौकशी मंडळाच्या अहवालात नमूद झालेली गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे : संपूर्ण यानाच्या जमिनीवरील चाचण्यांत हे उपकरण प्रत्यक्ष जोडलेलेच नव्हते. त्याच्या जागी त्याचे काम करणारी बदली आज्ञावली बसविली होती. बदली आज्ञावली अर्थातच कधी बंद पडली नाही, कारण खरे उपकरण कोठे बंद पडेल हे तिला कोणी शिकविलेच नव्हते.

गेजचीही तपासणी

यंत्रशाळेत या अडचणीचे उत्तर फार पूर्वीपासून आहे. प्लग गेज हजारो भोकांत जाऊन झिजते. म्हणून ठरावीक मुदतीने त्याला मापनकक्षात नेऊन त्याहून अचूक मापांशी पडताळतात आणि पुढील तपासणीची तारीख नोंदवितात. मुदत टळलेल्या गेजवर माल पास करणे हा दोष मानला जातो. मॉकलाही हीच शिस्त हवी. जे प्रश्न मॉकला विचारले जातात तेच, ठरावीक मुदतीने, खऱ्या सेवेच्या चाचणीव्यवस्थेलाही विचारून दोन्ही उत्तरे ताडून पाहण्याची पद्धत आहे. फरक आढळला की आधी मॉक दुरुस्त करावयाचा, मग आज्ञावली. ही पडताळणी रोज हजार वेळा करण्याची गरज नाही. रात्री एकदा झाली तरी पुरते. शक्य तेथे मॉक हा सेवा वापरणाऱ्याने न करता सेवा पुरविणाऱ्यानेच करून द्यावा, हे अधिक चांगले. दांडा करणाऱ्यानेच गेज पाठविल्यासारखे ते होईल. आधार प्राधिकरणाने आज्ञावलीकारांसाठी चाचणीपुरते क्रमांक व त्यांची स्वतंत्र व्यवस्था उपलब्ध करून दिली होती ती याच जातीची.

मॉकचा अतिरेकही टाळावा लागतो. आज्ञावलीने आतल्या आत कोणाला आधी विचारले व कोणाला नंतर, याची प्रत्येक पायरी मॉककडून तपासून घेणाऱ्या चाचण्या पुष्कळ ठिकाणी आढळतात. त्या कारकुनाच्या टेबलापासून कपाटापर्यंतच्या फेऱ्या मोजणाऱ्या अधिकाऱ्यासारख्या असतात. कपाट जवळ सरकविले की फेऱ्या कमी होतात व हा अधिकारी काम बिघडल्याचा अहवाल देतो. फाईल वेळेत निघाली किंवा नाही हे त्याने पाहिलेलेच नसते. पैसे दोनदा जाऊ नयेत ही पायरी मोजण्याजोगी आहे. अभिलेखाला आधी विचारले की घड्याळाला, ही नव्हे.

तालुका कार्यालयात किंवा पंचायतीत नवी आज्ञावली स्वीकारण्याची वेळ येते तेव्हा पुरवठादार “सर्व चाचण्या उत्तीर्ण” असे पत्रक दाखवितो. ते खोटे नसते. मात्र त्यातील किती चाचण्या मॉकवर झाल्या आणि किती खऱ्या सेवेशी जोडून झाल्या, असे दोन रकाने मागण्याचा अधिकार स्वीकारणाऱ्या कार्यालयास आहे व तो वापरला गेला पाहिजे. दुसऱ्या रकान्यात या भागातील अस्सल नमुने असावेत : एकर-गुंठ्यांचा उतारा, कानडीत लिहिलेले मराठी आडनाव, नव्या तालुक्याचे गाव, सीमेपलीकडील बँकेतले खाते. नमुने अस्सल म्हणजे खऱ्या माणसांचे नव्हेत. एखाद्या खातेदाराचा उतारा व खाते क्रमांक उचलून चाचणीत वापरणे गैर आहे. तसाच दिसणारा कल्पित उतारा शिक्षक व ग्रामलेखापाल मिळून अर्ध्या तासात लिहून देऊ शकतात, आणि शहरातील आज्ञावलीकाराला न सुचणाऱ्या अडचणी त्यांना सुचतात.

राहता राहिली एक साधी खबरदारी. चाचणी संपल्यावर मॉक काढून खरी सेवा जोडण्याचे राहून गेले, तर प्रणाली तक्रार न करता चालू राहते : अर्ज घेते, ‘जमा झाले’ म्हणते, पावती छापते आणि कोठेही एक पैसा हलत नाही. म्हणून सुरू होताना आपल्याला कोणकोणत्या सेवा जोडल्या आहेत हे आज्ञावलीने पडद्यावर स्पष्ट लिहावे, आणि त्यात एकही बदली सेवा असल्यास प्रत्यक्ष कामकाजास प्रारंभच करू नये, अशी तजवीज तिच्यात सुरुवातीपासून ठेवता येते. सकाळी संगणक सुरू करणाऱ्या कर्मचाऱ्याने ती ओळ वाचून नोंदवहीत सही करावी, एवढे काम उरते.